सांदवाडीतली बोडी : तिसऱ्या वर्षाची वही

यंदा वर्षभरात बोडीतलं पाणी एकदाही उपसलं नाही. वहीतली सगळ्यात मोठी बातमी हीच, म्हणून आधी सांगून टाकते.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी मोजमाप. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. इकडे धानाला पाणी द्यायच्या लहान तलावाला बोडी म्हणतात, म्हणून घरामागच्या सांदवाडीतल्या माझ्या खड्ड्यालाही घरचे सगळे बोडीच म्हणतात. लांबी १२ फूट, रुंदी ८ फूट, मध्ये ३ फूट खोल, आणि काठाला दोन उतरत्या पायऱ्या. खाली शेततळ्याची ५०० मायक्रॉनची पन्नी, तिच्यावर गावतलावातून आणलेला चाळलेला गाळ. भरली की साधारण साडेपाच हजार लिटर पाणी मावतं. पूर्वेला जांभूळ आहे, दुपारनंतर मात्र पूर्ण ऊन.

पहिली दोन वर्षं मी हे पाणी सतत बदलत राहिले. वीस-पंचवीस दिवसांत ते हिरवं व्हायचं, मी मोटर लावून उपसायची, पन्नी नारळाच्या काथ्यानं घासायची, ताजं पाणी भरायची. आठ दिवसांत परत पालकाच्या रसासारखं हिरवं, वर डासांच्या अळ्या वळवळताहेत. आमच्या शेजारी ढिवरकाका राहतात, उभा जन्म तलावावर गेला त्यांचा. एकदा मी घासत असताना ते पाळीवर येऊन बसले नि म्हणाले, "पानी काहाले उपसतेस वो बाई? पानी जुनं होऊ दे."

त्यांच्या त्या एका वाक्याचा अर्थ समजायला मला सहा महिने लागले. माशांची घाण आणि कुजलेली पानं पचवणारे जिवाणू गाळात, दगडांवर, झाडांच्या मुळांवर बसतात. मी घासून त्यांनाच काढून टाकत होते. ताज्या पाण्यात खत विरघळलेलं, वर लख्ख ऊन, आणि ते खत खायला मोठी झाडं नाहीत. मग बारीक शेवाळ माजणारच. डासांच्या अळ्या खाणारे चतुराचे कीडेही मी त्याच पाण्याबरोबर वाफ्यात ओतत होते. मागच्या मार्चमध्ये ठरवलं: अर्धं पाणी पानांनी झाकलं जाईल एवढी कुमुदं लावायची, माशांना खाणं अगदी कमी टाकायचं आणि पाण्याला हात लावायचा नाही. एप्रिलभर पाणी हिरवंच होतं. फार जिवावर आलं, दोनदा मोटरीपर्यंत जाऊन परत आले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तळाचा दगड दिसला.

उन्हाळ्याची नोंद लांब आहे, कारण आपल्याकडे बोडी जगते की जाते ते उन्हाळ्यातच ठरतं. मी काठाला खुणा केलेली बांबूची काठी रोवली आहे. मेमध्ये पाणी रोज १२ मिलिमीटरच्या आसपास उतरायचं, म्हणजे एवढ्या पसाऱ्याला रोज शंभर लिटर. पाणी भरायच्या पितळी भांड्यानं, म्हणजे गुंडानं, मोजलं तर सहा-सात गुंड. रोज संध्याकाळी तेवढंच भरायचं, एकदम आठवड्याचं नाही. भरायचंही ड्रममधलं, कारण नळयोजनेच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. पहिल्या वर्षी मी नळाची नळी थेट बोडीत सोडली आणि सकाळी अकरा मासे उलटे तरंगत होते. तेव्हापासून दोनशे लिटरचा ड्रम एक दिवस उघडा ठेवते, मगच पाणी आत जातं.

नवतपात, म्हणजे २५ मेनंतरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला तेव्हा दुपारी चारला वरचं पाणी ३४ अंश होतं, तळाचं २९. हा पाच अंशांचा फरक तीन फूट खोलीमुळे मिळतो. दोन फुटांचा खड्डा खणायचा विचार कुणी करत असेल तर माझं ऐका, अजून एक फूट खणा. पश्चिमेला हिरवी जाळी बांधली आणि तिच्याखाली कुमुदाची पानं करपली नाहीत.

तरी ३० मेच्या पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून गपगप करताना दिसले. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, आणि रात्री झाडं-शेवाळसुद्धा तोच ओढतात, म्हणून उजाडायच्या आधीची वेळ सगळ्यात वाईट. मी गुंड भरभरून उंचावरून पाणी ओतत राहिले, तेच पाणी काढायचं, तेच परत ओतायचं. अर्ध्या तासानं मासे खाली गेले. त्यानंतर नवतपा संपेपर्यंत पहाटे साडेचारचा गजर लावून हेच करत होते. एकही मासा गेला नाही. मासे धानाच्या बांधीतले, बोटाएवढे, अंगावर काळी रेघ असलेले, काकांनीच आणून दिलेले. गप्पी मी पाळत नाही. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले, आणि आमच्या बोडीचं पाणी पावसात ओसंडून नाल्यात जातं.

पहिला पाऊस पडला त्याच रात्री बेडूक आले. कुठून येतात देव जाणे, पण सकाळी काठावर हळदीसारखे पिवळेधमक सात नर, गालाला निळे फुगे. दोन दिवस घरात कुणाला झोप नाही. अंडी ओळखायला शिकले आहे: काळ्या मण्यांची लांब माळ पाणवनस्पतींना गुंडाळलेली दिसली तर ती भेकाची, पाण्यावर पसरलेली साय दिसली तर बेडकाची. या मोठ्या बेडकांची पिल्लं दुसऱ्या पिल्लांना खातात, हे समोर पाहिलं तेव्हा वाईट वाटलं, पण हात घातला नाही.

जूनच्या शेवटी पिवळसर चतुरांचे थवे अंगणावर फिरायला लागले. पावसाच्या वाऱ्याबरोबर येणारे, आणि पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं अभ्यासक मानतात ते हेच. माद्या शेपटीचं टोक पाण्याला टेकवत अंडी घालत होत्या. पोळ्याच्या आदल्या रात्री टॉर्च घेऊन बसले. साडेनऊला एक कीडा कुमुदाच्या फुलाच्या दांड्यावर चढला, पाण्यापासून वीतभर वर थांबला. पाठीवर चीर पडली. आधी छातीचा कुबड बाहेर आला, मग डोकं, मग तो मागे उलटा लोंबकळला आणि बराच वेळ हललाच नाही. मला वाटलं, मेला. मग झटक्यात वर उठून त्यानं स्वतःची रिकामी कात पायांत धरली, शेपूट ओढून काढली. पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले, दुधी. ते माझ्यासमोर इंचाइंचानं ताणले गेले. पहाटे पाहिलं तर जागा रिकामी. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दांड्यांवर तेवीस काती मोजल्या. त्या सगळ्या काडेपेटीत जपून ठेवल्या आहेत.

पांढरी कुमुदं रात्री उमलतात आणि सकाळी दहा-अकराला मिटतात. ज्यांना फुलं पाहायची असतील त्यांनी चहा घेऊन लवकर बसावं. कोजागिरीला आम्ही दूध बोडीकाठीच आटवलं, तेव्हा एकोणीस फुलं उघडी होती.

हिवाळ्यात काम थोडंच. जांभळाची पानं रोज जाळीनं काढायची, तळाशी कुजली तर पाणी काळं पडतं. अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती, माजला की खरडून कोंबड्यांना. डिसेंबरमध्ये मासे तळाशी बसले तेव्हा खाणं पूर्ण बंद केलं, संक्रांतीनंतर परत चिमूटभर. धोबी पक्ष्यांची जोडी काठावर शेपूट हलवत होती. ढोकरी बगळ्यानं चार मासे नेले. ढोंड्या साप एकदाच दिसला. बिनविषारी असतो, सासूबाईंना हे पटवायला मात्र दोन दिवस गेले.

कमळ यंदा फुललं नाही, नुसती पानं. घमेल्यात कंद एकमेकांत गुंतून कोंडले होते. काल ते उलटं केलं. केळ्यांसारखे जोडलेले कंद, टोकाचा कोंब इतका नाजूक की नखानंही तुटतो. दोन तुटले. ज्यांना दोन-तीन पेरं आणि धड कोंब होता ते वेगळे केले, चिकट मातीत आडवे लावले, कोंब वर, आणि घमेलं वरच्या पायरीवर ठेवलं, वर चार बोटं पाणी. नवं पान आलं की खालच्या पायरीवर सरकवीन.

तीन चांगले कंद उरले आहेत. ओल्या पोत्यात गुंडाळून बादलीत ठेवलेत. होळीच्या आत इकडे कुणाचं येणं झालं तर घेऊन जा, येताना रुंद टोपलं आणा.