विटांच्या गावात मोंमार्त्रची रात्र

पॅरिसला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाँ रूजच्या लाल पवनचक्कीसमोर सगळ्यांसारखा मीही फोटो काढून घेतला. पण चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं रंगवलेलं नाचघर ते नव्हेच. १८८९ साली उघडलेलं ते नाचघर १९१५ मध्ये आगीत गेलं. आज आहे ते नंतर उभारलेलं. "आई, लोत्रेक बघायचा तर आल्बीला ये," असं माझ्या लेकीनं आधीच बजावलं होतं. ती दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात शिकते. तिथून आल्बी आगगाडीनं तासाभरावर.

आल्बी म्हणजे लाल विटांचं गाव. १२८२ मध्ये बांधायला घेतलेलं सेंत-सेसील कॅथेड्रल लांबून एखाद्या गढीसारखं दिसतं. त्याच्या शेजारी बिशपांचा जुना वाडा, पाले द ला बेर्बी. लोत्रेकचं संग्रहालय १९२२ पासून याच वाड्यात आहे. ज्या भिंतींआड धर्मगुरू राहिले, तिथं आता मोंमार्त्र या पॅरिसमधल्या वस्तीतल्या नर्तकी आणि कुंटणखान्यातल्या बाया टांगलेल्या आहेत. हे घडलं ते लोत्रेकच्या आईमुळे आणि मोरीस जोयाँ या त्याच्या मित्रामुळे. आई, आदेल, अत्यंत धार्मिक बाई. छत्तीस वर्षांचा मुलगा १९०१ मध्ये दारूनं आणि आजारानं गेला. त्याची ही चित्रं तिनं माळ्यावर दडवली नाहीत, त्याच्या जन्मगावाला देऊन टाकली. त्या माउलीपुढे मी मनोमन हात जोडले.

लोत्रेकचं मूळ घराणं सरदारांचं, आईबाप एकमेकांची सख्खी मावसभावंडं. तेराव्या-चौदाव्या वर्षी एकामागून एक दोन्ही मांड्यांची हाडं मोडली आणि पायांची वाढ खुंटली. उंची राहिली दीड मीटरच्या आसपास. शिकारीत रमणाऱ्या घरातला मुलगा हातात पेन्सिल घेऊन बसला, तो कायमचाच.

पोस्टरांच्या दालनात मी बराच वेळ रेंगाळले. १८९१ चं मुलाँ रूजचं पोस्टर जवळजवळ दोन मीटर उंच आहे. मधोमध ला गुलू, म्हणजे लुईझ वेबेर, पांढरा परकर उडवत नाचतेय. मागे प्रेक्षकांच्या नुसत्या काळ्या सावल्या, पुढे तिचा जोडीदार वालाँतँ करड्या रंगात, धुरातून निघाल्यासारखा. हे सगळं शिळाछाप. दगडावर चित्र काढायचं, दर रंगाला वेगळा दगड, आणि कुठे कुठे ब्रशनं शाईचे शिंतोडे उडवून धुक्यासारखी छटा आणायची. ते शिंतोडे काचेला नाक लावून पाहताना मला आजीच्या माजघरातली लक्ष्मी आठवली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कला तीच, दशकही तेच. त्या दगडांवरून आपल्याकडे देव घरोघरी पोचले, आणि पॅरिसात एक धोबिणीची पोर रस्त्यारस्त्यावर झळकली. म्हातारपणी हीच ला गुलू मुलाँ रूजच्या आसपास किरकोळ वस्तू विकत असे. १९२९ मध्ये ती गेली.

पुठ्ठ्यावरची चित्रं छापील पुस्तकांत कधीच नीट कळली नव्हती. तेलरंग टर्पेंटाइननं इतका पातळ केलेला की तो पुठ्ठ्यात मुरून जातो, चकाकी राहत नाही. पुष्कळ जागा तशाच कोऱ्या सोडलेल्या. एका बाईच्या गालाजवळ मी वाकून पाहिलं, तर गालाची सावली म्हणजे पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंगच. वरून दोन-चार हिरवट फटकारे, बस्स. गॅसच्या दिव्यात दमलेला चेहरा असाच दिसत असणार.

आणि मग १८९४ चं 'रू दे मुलाँमधली बैठक'. ज्यासाठी एवढी लांब आले ते हे. रू दे मुलाँ हा पॅरिसमधला रस्ता, तिथल्या कुंटणखान्याचं हे चित्र; लोत्रेक अशा घरांत दिवसच्या दिवस मुक्कामाला असे, बायांना त्याची सवय झालेली. लालभडक कोचांवर त्या बसल्यात. पुढची एक पाय मुडपून, घोटा हातात धरून. तिच्या पलीकडे गळ्यापर्यंत बंद पोशाखातली घरमालकीण, ताठ. उजव्या कडेला एक बाई चित्राच्या काठानं अर्धीच कापली गेलीय. गिऱ्हाईक एकही नाही. कुणी कुणाशी बोलत नाही, कुणाची नजर कुणाला भेटत नाही. पॅरिसची रात्र म्हणून जगभर जी विकली जाते, तिच्यात केवढं मोठं थोरलं वाट पाहणं होतं, ते या एका माणसानं पाहिलं. त्यानं त्यांची कीव केली नाही, त्यांना नटवलंही नाही. त्या चित्रात मला सगळ्यात खरा वाटतो तो मधला मोकळा कोच. लाल, रिकामा, भला मोठा.

लेक मध्येच गच्चीवरून तार्न नदी आणि जुना पूल बघून आली. "ऊन किती छान पडलंय, चल ना."

"थांब गं जरा," म्हटलं.

ती काही न बोलता माझ्याशेजारी बाकावर टेकली. तिनं चपला काढल्या, एक पाय वर घेतला आणि दुखरा घोटा हातात धरून चित्राकडे पाहत बसली.