चार वाजता गोड का लागतं, ते वहीत सापडलं

मी नौपाड्यात राहते, ऑफिस ऐरोलीला, वय ४४. मागच्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसचं हेल्थ चेकअप झालं त्यात माझा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची एक तपासणी, ६.१ आला. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ आणि त्याच्या वर डायबेटिस, आणि मधलं सगळं प्री-डायबेटिस, म्हणजे मी बरोब्बर मधे. माझ्या आईला २२ वर्षं डायबेटिस आहे. तिच्या डोळ्यांचं लेझर झालंय, आणि चालताना एका पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला कळत नाही, तशीच चार पावलं पुढे जाते आणि मग मी मागून ओरडते. मला तो रिपोर्ट बघून दुसरं काहीच आठवलं नाही, फक्त आईची ती मागे राहिलेली चप्पल.

मग सगळे करतात तेच केलं, उद्यापासून गोड बंद. बिनसाखरेचा चहा, बिस्किट नाही, काहीच नाही. डोकं दुखायचं, मुलीवर उगाच खेकसायचे. त्यातच पाडवा आला, दुपारी सगळ्यांना श्रीखंड वाढलं, स्वतःच्या ताटात घेतलं नाही, सासूबाई म्हणाल्या पण, "अगं सणाचं एक चमचा तरी घे, एवढ्याशाने काय होतंय", तरी नाही घेतलं. आणि रात्री अकरा वाजता सगळे झोपल्यावर फ्रिजचं दार उघडं ठेवून, उभ्याउभ्या, डब्यात चमचा घालून मी अर्ध्या किलोचा डबा जवळजवळ संपवला. चव पण कळली नाही धड. अकरा दिवस टिकलं होतं ते सगळं.

त्यानंतर गूळ. चहात गूळ, खजुराचे लाडू, मधाचं पाणी. खूप जण सांगतात की गूळ चालतो, मी पण मानायचे, म्हणून सांगते, गूळ म्हणजे बहुतेक साखरच आहे. थोडं लोह वगैरे असतं पण आपण चहात घालतो तेवढ्यातून ते कितीसं मिळणार? खजुरात फायबर आहे हे खरं, पण १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमच्या वर साखर असते आणि मी हेल्दी हेल्दी म्हणत दिवसाला चार लाडू खात होते. मग शुगर-फ्रीच्या गोळ्या आणल्या. त्याने चहातली साखर गेली पण जीभ तशीच गोडाला सोकावलेली राहिली, आणि गोळी घातलीये ना मग दोन बिस्किटं जास्त चालतील असं मनात यायचंच. डब्ल्यूएचओने पण २०२३ मध्ये सांगितलंय की वजन कंट्रोल करायला असले स्वीटनर वापरू नका.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, त्या मला लग्न झाल्यापासून ओळखतात. त्या म्हणाल्या, "आत्ता काही सोडू नकोस. दोन आठवडे फक्त लिही. गोड कधी खावंसं वाटलं, त्याआधी शेवटचं काय खाल्लं होतंस, आणि आदल्या रात्री किती झोपलीस."

मुलीची अर्धी कोरी वही घेतली. मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे नोंदी ठेवणं मला जमतं. दोन आठवड्यांनी वही उघडली तर एकाच वेळेच्या नोंदी सगळ्यात जास्त, चार ते साडेचार. त्यानंतर रात्री दहानंतरच्या. सकाळी गोड आठवतच नव्हतं मला.

आणि त्याआधी काय खाल्लं होतं तो कॉलम बघितला तर सकाळी सातला चहा आणि चार बिस्किटं नाहीतर खारी, मग ठाणे स्टेशन, ट्रान्स हार्बर, ऑफिस, साडेबाराला डबा, डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची किंवा भेंडीची भाजी. डाळ नाही कारण सांडते, उसळ नाही कारण सकाळी वेळ नाही. म्हणजे चार वाजेपर्यंत माझ्या पोटात नीट टिकेल असं काही जातच नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं की नुसता मैदा आणि साखर पोटात गेली की रक्तातली साखर भरभर वर जाते, मग इन्सुलिन येऊन ती खाली आणतं, काही जणांची जरा जास्तच खाली येते आणि तेव्हा शरीर लगेच मिळेल अशी एनर्जी मागतं, म्हणजे गोडच. डाळ, उसळ, दही, अंडं, भाज्या असलं काही सोबत असलं की ते चढणं-उतरणं सावकाश होतं. झोपेचं पण तसंच. महिनाअखेरीला क्लोजिंग असतं तेव्हा मी जेमतेम पाच तास झोपते, त्या दिवसांची पानं भरलेली होती. झोप कमी झाली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. मी इतकी वर्षं स्वतःला "तुला कंट्रोलच नाही" असं म्हणत आले आणि निम्मी गोष्ट तर भुकेची आणि झोपेची होती. हे वाचून मला रडू आलं होतं, खरंच.

वहीच्या शेवटच्या पानावर मी आणखी एक हिशोब केला. आमच्या किराण्याच्या यादीत महिन्याला ५ किलो साखर असायची, घरात आम्ही चौघं. पाच हजार भागिले चार भागिले तीस, माणशी रोज साधारण ४२ ग्रॅम. डब्ल्यूएचओचं म्हणणं असं की दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत साखर हवी, म्हणजे २००० कॅलरी धरल्या तर ५० ग्रॅम, आणि ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं, म्हणजे २५ ग्रॅम. यात बिस्किटातली, सॉसमधली, कोल्ड्रिंकमधली सगळी आली आणि आमचे ४२ तर नुसते डब्यातल्या साखरेचे. चमचा पण वजनकाट्यावर ठेवून बघितला. छोटा चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम म्हणतात, आमचा शीग लावलेला चमचा सात ग्रॅम भरला. चहात दोन चमचे आणि दिवसाला चार चहा, त्याचा गुणाकार मी दोनदा करून बघितला.

मग बदल केले, पण एकेक.

पहिला नाश्ता. मुगाचं धिरडं किंवा दोन उकडलेली अंडी किंवा रात्रीचीच उसळ. मूग-मटकी रविवारी मोड आणून डब्यात भरून ठेवते, नाहीतर होत नाही. डब्यात भाजीबरोबर सुकी उसळ किंवा घट्ट पिठलं. आणि साडेतीनला, म्हणजे ती वेळ यायच्या आधी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि ताक. हे साडेतीनलाच खायचं, चारला नाही, कारण एकदा हात बिस्किटाच्या पुड्याकडे गेला की मग फुटाण्यांचं काही चालत नाही.

चहाची साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी केली. सासूबाईंना सांगितलंच नाही पहिले तीन आठवडे, आणि त्यांना कळलंही नाही. कळल्यावर चिडल्या थोड्या, मग म्हणाल्या, "आता तेवढाच घाल, जास्त गोड झाला की घशाशी येतं." दोन महिन्यांत मी अर्ध्या चमच्यावर आले, वेलची आणि आलं घालते, आणि आता बाहेरचा टपरीवरचा चहा मला पाकासारखा लागतो. जीभ बदलते, फक्त सावकाश बदलू द्यायची.

गोड सोडलं नाही मी. फक्त त्याची जागा बदलली. रिकाम्या पोटी नाही, जेवणानंतर लगेच, छोट्या वाटीत, बसून. श्रीखंड घरीच करते, चक्क्याच्या बरोबरीने साखर घालायची आमच्याकडे पद्धत, मी आता तिसरा हिस्सा घालते आणि चक्का रात्रभर टांगून ठेवते. चक्का आंबट असेल तर कमी साखरेत मजा येत नाही, म्हणून दही ताजंच लागतं, यात तडजोड नको. डहाणू-घोलवडचे चिकू पिकले की सोलून फोडी फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि थोड्या दुधात मिक्सरला फिरवायच्या, साखर अजिबात नको, मुलगी त्याला आइस्क्रीमच म्हणते. पेरू सालासकट. ज्यूस मात्र नाही, गाळला की चोथा गेला आणि साखर राहिली. होळीच्या पुरणात गूळ पाऊणपट घातला आणि तूप भरपूर, कोणाची तक्रार नाही. गणपतीत मोदक दोन खाल्ले, मोजून आणि मनापासून.

रात्रीच्या दहाच्या इच्छेला उपाय म्हणजे जेवल्यावर तलावपाळीला एक फेरी. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात हा एक फायदा, आणि दुसरा असा की घरी येईपर्यंत झोप आलेली असते. पावसाळ्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चालते, पंधरा-वीस मिनिटं.

एक कळकळीने सांगते. ज्यांना आधीच डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं बघून साखर एकदम कमी करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आईला एकदा दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, शुगर खूप खाली येऊन ५८ झालेली. तेव्हा तिला तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, तेव्हा साखरच औषध होती. तिच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी मीच ठेवते.

एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो म्हणून मध्ये मध्ये तपासायची घाई केली नाही. जुलैत ५.८ आला, डिसेंबरमध्ये ५.६. क्लोजिंगचा आठवडा अजून जड जातो, गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये कोणीतरी पेढे आणले आणि मी तीन खाल्ले, वहीत लिहिलं, दुसऱ्या दिवशी परत धिरडं.

परवा किराणावाल्याला यादी पाठवली तर त्याचा फोन आला, "वहिनी, साखर अडीचच किलो लिहिलीय, चुकलं का?" म्हटलं नाही दादा, बरोबर आहे, आणि फुटाणे एक किलो वाढवा.