रॉबिन्सन पहिला ना?

अमेरिकन बेसबॉलमधल्या वॉकर या काळ्या खेळाडूबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर हल्ली मी हा विषय टाळतो. बेसबॉलचं नाव निघालं की कुणीतरी हटकून म्हणतंच, "जॅकी रॉबिन्सन पहिला ना? मग त्या वॉकरचं काय घेऊन बसलात?" मोठ्या लीगमधला पहिला काळा खेळाडू म्हणून लोक ज्याला ओळखतात, तो रॉबिन्सन आला 1947 मध्ये. मोझेस फ्लीटवुड वॉकर 1884 मध्ये टोलेडो संघाचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, होता, तोही अमेरिकन असोसिएशनमध्ये, म्हणजे मोठ्या लीगमध्येच. (1879 सालचा, एकच सामना खेळलेला विल्यम व्हाइट मला माहीत आहे. तोही काळ्या वंशाचा, पण गोरा म्हणून वावरला. कृपया पुन्हा कळवू नका.)

पण माझं अडतं ते पहिलेपणावर नाही, टोनी मलेनवर. मलेन टोलेडोचा हुकमी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. कॅचरने बोटांनी खूण करायची आणि पिचरने तसा चेंडू टाकायचा, अशी रीत. काळ्या माणसाच्या खुणा मलेन मानेना. एकदा वॉकरने कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, मागितला, याने सरळ वेगवान चेंडू हाणला. आजच्यासारखा गादीचा ग्लोव्ह तेव्हा नव्हता. वॉकरने तो झेलला, चालत मलेनपाशी गेला आणि म्हणाला, खुणांशिवाय झेलेन, पण मी खूण केल्यावर तू भलताच चेंडू टाकणार असशील तर झेलणार नाही. उरलेला हंगाम काय येतंय हे माहीत नसताना तो झेलत राहिला. हे पुढे खुद्द मलेननेच सांगितलं. वर वॉकरइतका चांगला कॅचर आपल्याला मिळाला नाही, हेही.

पूर्वी मी हा किस्सा बाणेदारपणाचा म्हणून रंगवायचो. बाणा कसला? माघार वॉकरनेच घेतली, बोटं त्याचीच पणाला लागली. बरं, मग करायचं काय होतं त्याने? तक्रार? त्या वर्षी 36 सामने जिंकून देणाऱ्या पिचरविरुद्ध? घरी कोणाला बसवलं असतं, ते सांगायला नको. आपल्याकडच्या दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूची फिरकी हवी, पण त्याचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तरी मी हे समजावत बसायला नको.

1887 मध्ये शिकागो संघाच्या कर्णधाराने, कॅप अ‍ॅन्सनने वॉकरच्या तेव्हाच्या संघाला काळे खेळाडू उतरवण्यापासून अडवलं, आणि त्याच दिवशी, तो संघ ज्यात खेळायचा त्या इंटरनॅशनल लीगने काळ्या खेळाडूंशी नवे करार बंद केले. 1908 मध्ये वॉकरने पुस्तक लिहिलं: आपल्या लोकांनी आफ्रिकेत निघून जावं. मला ते पटत नाही. तो कडवट झाला होता म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण त्याने ते चिडून नाही, मुद्दे मांडून लिहिलंय.

यावर भांडायचं असेल तर जरूर या. फक्त सुरुवात रॉबिन्सनपासून नको.