माझी सही आणि सेआब्रा

गेल्या महिन्यात सासूबाईंनी हाक मारली, "सुक्रारा सुटी घे गो, तुजी सय जाय." म्हणजे सही हवी. दिराचा फोंड्याजवळचा छोटा प्लॉट विकायचा होता. जमीन सासऱ्यांपासूनची, एक-चवदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच तो) नाव अजून त्यांचंच. मी म्हटलं, त्यात माझं काय? सब-रजिस्ट्रारकडे गेल्यावर कळलं: दोघे भाऊ, त्यांच्या बायका, नणंद, नणंदेचा नवरा, सगळे हवेत. प्रत्येकाचा फोटो, अंगठ्याचा ठसा. नणंदेचे यजमान वास्कोहून धापा टाकत आले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते.

मी कुडाळची. लग्नानंतर सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी, एवढंच मला आठवतं. लग्नाआधी वेगळा करार केला नाही की नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा, हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

गोव्यातले हे नियम मुळात पोर्तुगीज कायद्यातले, आणि तो लिहिणारा माणूस आन्तोनियु लुईश द सेआब्रा. जन्म 1798 चा, तोही ब्राझीलला निघालेल्या जहाजावर. पुढे न्यायाधीश झाला, लॅटिन कवितांची भाषांतरंही केली. 1850 मध्ये त्याच्यावर पोर्तुगालची नागरी संहिता, म्हणजे लग्न, मालमत्ता, वारसा यांचा कायदा, लिहिण्याचं काम सोपवलं. ती 1867 मध्ये मंजूर झाली, कलमं 2538! 1870 पासून गोव्यात लागू. गंमत म्हणजे पोर्तुगालने 1966 साली नवी संहिता आणून ही मोडीत काढली. तोवर गोवा भारतात आला होता, त्यामुळे इथे जुनीच चालू राहिली. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे, पण सांगाडा सेआब्राचाच.

टीव्हीवर 'गोव्यात सगळ्यांना एकच कायदा' म्हणून कौतुक चालतं तेव्हा मला जरा हसू येतं. 1880 साली इथल्या हिंदूंच्या रूढींसाठी वेगळा हुकूम निघाला. त्यात पत्नीला पंचविशीपर्यंत मूल किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा होती. आणि सेआब्राच्या संहितेत संसाराच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच. बायकोला निम्मा वाटा दिला, पण चाव्या त्याच्या हातात. फक्त जमीन विकायची तर तिची सही हवी, ही एक खुंटी मात्र घट्ट मारून ठेवली.

त्या दिवशी रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. तिकडे सातबाऱ्यावर कायम बाबांचंच नाव. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बापाशीन व्हाळाकडचो शेताचो कुणगो विकलो, तेवा माका पेढे खाताना कळला."