अभंगाची पोथी एक्सएमएलमध्ये उतरवताना : माझा अनुभव

मोठ्या अभंगाच्या प्रत्येक चौकात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते. ही रचना न मोडता एक जुनी छापील पोथी संगणकावर आणायची, म्हणजे तोच मजकूर छपाईला, शोधाला आणि छंदाच्या अभ्यासाला वापरता येईल, या हेतूने मी ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण (टॅग) लावण्याच्या पद्धतीत, उतरवायला घेतली. टॅगची नावे देवनागरीत चालतात, म्हणून <अभंग>, <चौक>, <चरण> अशी नावे ठेवली.

सुरुवातीलाच मुद्दाम एक खोडी काढून पाहिली : फाइलभर <चरण> च्या जागी <टोपी> घातले. पार्सरने, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामने, फाइल बिनतक्रार वाचली. मात्र एकाच ठिकाणची बंद करणारी खूण काढताच त्याने काम थांबवले. 1998 च्या फेब्रुवारीत डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एक्सएमएल 1.0 ला हेच अभिप्रेत आहे. प्रत्येक टॅग बंद झाला आहे का, टॅग एकमेकांत नीट बसले आहेत का, टॅगमध्ये लिहिलेल्या गुणधर्मांची मूल्ये अवतरणचिन्हांत आहेत का, सर्वांना पोटात घेणारा मूळ घटक एकच आहे का, असे लेखनाचे नियम पार्सर तपासतो आणि मजकूर पुढच्या प्रोग्रामच्या हवाली करतो. चरण म्हणजे काय, हे त्याने जाणावे अशी अपेक्षाच नाही.

मग स्कीमा, म्हणजे कोणत्या टॅगमध्ये काय आणि किती असावे याचे नियम, लिहून चौकात चारच चरण हवेत अशी अट घातली. त्यामुळे तीन चरणांचे चौक सापडले. भलत्याच ठिकाणी तोडलेले चरण मात्र सुटले, कारण संख्या बरोबर भरत होती. ते पकडण्यासाठी अक्षरे मोजणारा वेगळा प्रोग्राम लिहावा लागला. ‘स्व’ हे छंदात एक अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिपीचिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, स, हलन्त आणि व असे तीन संकेतांक. कोणते मोजायचे, हे त्या प्रोग्रामनेच जाणायचे. छपाईच्या प्रोग्रामला हाच चरण म्हणजे ओळ कुठे तोडावी याची सूचना, तर शोधाच्या प्रोग्रामला निकालात दाखवायचा तुकडा. फाइल एकच, आणि तिघांपैकी कोणाचाही अर्थ तिच्यात लिहिलेला नाही. माझ्या मते हीच या पद्धतीची खरी ताकद आहे, जरी पहिल्यांदा वापरणाऱ्याला ती उणीव वाटते.

अडचण आली ती फाइल दुसऱ्या अभ्यासकाला देताना, कारण माझ्या टॅगांचा अर्थ माझ्या प्रोग्रामांपुरताच होता. त्यासाठी मी टीईआयकडे (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे ग्रंथांसाठी सर्वांना सामाईक टॅग ठरवणारा उपक्रम) वळलो. 1987 पासून चालत आलेल्या या उपक्रमाच्या नियमावलीत प्रत्येक टॅग कशासाठी आहे, हे गद्यात समजावलेले असते. तरीही पद्याच्या ओळीचा तिथला टॅग चरणाला लावायचा की दोन चरणांच्या छापील ओळीला, हे मलाच ठरवावे लागले. मी तो छापील ओळीला लावला, चरणाला ओळीचा भाग मानले, आणि हा निर्णय कारणांसह फाइलच्या शीर्षभागात नोंदवला.