कानाचं यंत्र आहे ना, मग घालत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भाची विचारते, शेजारच्या काकू विचारतात, बँकेतला मुलगासुद्धा काचेपलीकडून कानाकडे बोट करतो. एवढं महागाचं यंत्र घेतलंत, मग काढून का ठेवता?

काढून ठेवत नाही हो. अंघोळ झाली की घालते, रात्री डबीत ठेवते. त्याच्या जिवावर तर दाराची बेल कळते, नातू फोनवर काय म्हणतो ते कळतं. फक्त काही घरी जाताना काढते. कारण कुणी जवळ घेतलं की ते शिट्टी मारतं.

तीन वर्षांपूर्वी मैत्रिणीचे यजमान गेले. भेटायला गेले. सतरंजीवर पंधरा-वीस माणसं, कुणी बोलत नव्हतं. मी शेजारी बसले तशी तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, नेमकं यंत्राच्या बाजूला. मला काहीच ऐकू आलं नाही. तो बारीक आवाज माझ्या कानाला लागतच नाही, इतरांना लागतो. दिसलं एवढंच, की सगळे माझ्याकडे बघतायत आणि एक चिमुरडी आईला काहीतरी विचारतेय. कुकर लावलाय का, असं विचारत होती म्हणे. मैत्रिणीने डोकं उचललं. तिला नुकतं कुठे रडू फुटत होतं. मी घाईघाईने यंत्र काढून मुठीत धरलं. मग ती माझा दुसरा हात धरून बराच वेळ काही सांगत राहिली आणि मी मान हलवत राहिले. काय सांगत होती, ते अजून विचारलेलं नाही.

कानाच्या मॅडमनी समजावलं. कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो, माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा बाहेर. डोकं, उशी, शाल आड आली की जास्तच. मोल्ड, म्हणजे कानात बसणारा यंत्राचा भाग, नवा केला, थोडा फरक पडला. मशीनमध्ये शिट्टी दाबायची सोयही आहे, पण ती वाढवली की बारीक आवाजच कापले जातात. माझे गेलेत तेच: स, श, फ. म्हणजे शिट्टी थांबवायची तर ‘सून’ आणि ‘ऊन’ पुन्हा एकच.

आमच्या अण्णांनाही यंत्र होतं. त्यांना मीच ओरडायचे, ते कपाटात कशाला ठेवलंय म्हणून. मी बरोबरच होते, असं अजून वाटतं. त्यांनी आठवडाभरसुद्धा घालून बघितलं नव्हतं. पण त्यांच्या यंत्राची शिट्टी आम्ही कधी ऐकली नाही, हेही खरं. त्यांना जवळ कोण घेत होतं?

रविवारी मैत्रिणीकडे जायचंय. डबी पर्समध्ये असेल. घालायचं की काढायचं, ते दारात बघू.