नोंद पाचवी: माजघराची भिंत, दहावीची परीक्षा आणि कमी पडलेली कौलं

मागची नोंद गणपतीत लिहिली होती आणि मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं की दिवाळीपर्यंत माजघराची भिंत उरकते. आज मे महिन्याची २० तारीख. भिंत उरकली, पण ती आत्ता, गेल्या आठवड्यात. मधल्या आठ महिन्यांचा हिशेब जरा सविस्तर लिहिते. यातल्या निम्म्या चुका कोणी आधी कानात सांगितल्या असत्या तर टळल्या असत्या.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात घराची ओळख. दापोली तालुक्यातलं आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर. जांभ्याचे चिरे, मातीची जुडाई, वर मंगलोरी कौलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागे न्हाणी. राहणारे पाच जण: मी, नवरा, सासूबाई, दहावीतली लेक आणि सहावीतला मुलगा. घर रिकामं करून काम करायची सोय नाही, त्यामुळे आम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकत राहतो आणि काम आमच्या मागे मागे येतं.

माजघराची न्हाणीकडची भिंत ही आमची जुनी दुखरी नस. सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला होता. प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून, हौसेने. तेव्हा गावात ज्याच्या घराला सिमेंट तो सुधारलेला. पण जांभा सच्छिद्र. जमिनीतलं पाणी तो वर ओढतो आणि आधी ते चुन्याच्या गिलाव्यातून निवांत सुकून जायचं. सिमेंटने वाट बंद केली. मग ओल वर वर चढत साडेतीन फुटांवर गेली, आणि जिथे जिथे सुकायला फट सापडली तिथे तिथे लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, फुटला. दर पावसाळ्यात गिलाव्याचे पोपडे, दर दिवाळीला त्यावर रंग. वीस-पंचवीस वर्षं हेच.

दिवाळीच्या सुट्टीत गिलावा पाडायला घेतला. छिन्नी-हातोडीने मी आणि नवरा. सासूबाई ओटीवर निवडत बसल्या होत्या. पहिला मोठा पापुद्रा पडला तेव्हा आत येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. दुपारी जेवताना म्हणाल्या, "ह्यांनी स्वतः पाणी मारलं होतं एकवीस दिवस." त्यानंतर आम्ही जरा हलक्या हाताने पाडायला लागलो, म्हणजे आवाजाने तरी. सिमेंटबरोबर चिऱ्याचा चेहराही कुठे कुठे सोलून आला, ते मात्र वाईट वाटलं. वरच्या भागात सिमेंटखाली जुन्या चुन्यावरचा निळीचा हात दिसला, फिकट आणि अजून घट्ट. तो हातभर तुकडा कोनाड्याच्या वर तसाच ठेवलाय.

आता पहिली चूक. भिंत उघडी झाल्यावर पंधरा दिवसांत नवा गिलावा चढवायचा माझा बेत होता. आमचे गवंडीकाका (सत्तरी पार, वडिलांची चुन्याची बैलघाणी होती) आले, भिंतीला तळहात लावला आणि विचारलं, "न्हाणीचं पाणी जातं कुठं?" आम्ही मागे जाऊन खणलं. मोरीचा पाइप जोत्याला लागूनच फुटलेला, आणि बाहेर अंगणात फरशी घालताना जमीन जोत्याच्या वर चार बोटं चढवलेली. म्हणजे रोगाला हात न लावता मी नुसतं मलम लावणार होते. पाइप बदलला, भिंतीलगतची दोन फुटांची फरशी उखडली, उताराचा चर खणून त्यात दगडगोटे भरले. या कामाचा फोटो काढण्यासारखं काही नाही, पण सगळ्या नोंदीतलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच.

मग भिंत नुसती सुकू दिली. जवळजवळ दोन महिने. रोज संध्याकाळी मुलगा कोरड्या कुंच्याने लोणा झाडून सुपलीत गोळा करायचा. पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर मीठ विरघळून परत आत जातं. सुरुवातीला दर दोन दिवसांनी सुपलीभर निघायचा, संक्रांतीपर्यंत चिमूटभर. दर सुपलीमागे पाच रुपये ठरले होते, त्यामुळे भिंत सुधारली याचं दुःख झालेला घरातला तो एकमेव माणूस.

या काळात माजघरातला संसार कुठे गेला असेल? ओटीवर. कपाटं, धान्याचे डबे, शिवणयंत्र, लेकीचं अभ्यासाचं टेबल, सगळं. स्वयंपाकघरात धूळ जायला लागली म्हणून गॅस पडवीत आणला. सकाळी पोळ्या करताना रस्त्याने जाणारा प्रत्येक जण "काय वहिनी, आज काय?" विचारून जायचा. पंधरा दिवसांत अख्ख्या वाडीला आमचा आठवड्याचा स्वयंपाक पाठ झाला. सासूबाईंना पडवीतला गॅस मुळीच पटला नाही, पण तिथे बसून सगळ्यांशी गप्पा मारायला मिळतात म्हटल्यावर विरोध मावळला.

जानेवारीत चुना विरवला, म्हणजे पाण्यात टाकून फोडला. पंचवीस किलोची चार पोती कळीचा चुना आणला होता. त्यातलं एक पोतं फाटकं निघालं आणि हवेतल्या दमटपणाने आतल्या आतच पीठ झालेलं. कोकणात कळी आणली की त्याच आठवड्यात विरवा, नाहीतर हवाच ते काम उरकते. उरलेल्या तीन पोत्यांसाठी मागल्या दारी खड्डा, त्यात प्लास्टिकचं जाड कापड, आणि आधी पाणी मग चुना, हा क्रम कधी उलटा करायचा नाही. चुन्यावर पाणी ओतलं तर उकळी फुटून अंगावर येते. आम्ही चष्मे, हातमोजे, पूर्ण बाह्या घालून उभे. तरी माझ्या मनगटावर मोज्याच्या काठाशी एक थेंब गेलाच आणि आठवडाभर आग होत होती. लेक लांबून बघत होती. म्हणाली, "हे पहिल्या सत्रात आहे आम्हाला. उष्मादायी, संयोग अभिक्रिया." इतका वेळ "माझ्या वह्या पांढऱ्या झाल्या" म्हणून भांडणारी मुलगी पंधरा मिनिटं खड्ड्याकडे बघत उभी राहिली, हा माझ्यासाठी त्या महिन्याचा विजय.

पुढचा तह तिनेच लिहून भिंतीला चिकटवला: १ फेब्रुवारीपासून शेवटच्या पेपरपर्यंत घरात हातोडी चालणार नाही. सही सगळ्यांची, गवंडीकाकांचीही. मला आधी वाटलं की गेला सीझन हातातून. पण चुन्याला तेवढा वेळ हवाच होता. पाण्याखाली बुडवून जितका ठेवाल तितका तो मऊ होतो. सासूबाई अधूनमधून काठीने उचलून दोन बोटांत घासून बघायच्या, पानाला लावायचा चुना बघतात तसा. मार्चच्या मध्यावर म्हणाल्या, "आता आला लोण्यावर."

परीक्षेच्या मधल्या सुट्ट्यांत लेकीनेच गणित करून दिलं. भिंत ११ बाय ९ फूट, एक इंच जाडी, म्हणजे सव्वाआठ घनफूट माल. प्रत्यक्षात दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरायलाच आणखी दीड घनफूट लागला, कारण मातीची जुडाई झिजून खोल पोकळ्या झाल्या होत्या. प्रमाण एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि खालच्या चार फुटांत वाळूचा काही भाग कमी करून सुरखी. कमी भाजलेल्या विटांची ही पूड घातली की ओलीतही चुना धरतो. हिरड्याचं पाणी आणि गूळ सासूबाईंच्या आग्रहाखातर. त्यांच्या माहेरी तसंच करायचे. त्याने नेमका किती फरक पडला ते मी छातीठोक सांगणार नाही, पण माल थापीखाली छान सरकत होता आणि मुंग्या दोन दिवस फिरकून गेल्या.

शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहिला हात चढला. इथे दुसरी चूक. मार्चअखेरचं ऊन, दुपारचा समुद्रावरचा वारा, खिडकी उघडी आणि नवऱ्याने कौतुकाने लावून ठेवलेला टेबलफॅन. "लवकर सुकेल." सुकलं की! संध्याकाळपर्यंत भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. गवंडीकाका आले, बघितलं, फॅनचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "वयनी, ह्यो चुना हाय, शिमिट नाय. ह्येला सुकवायचा नाय, जगवायचा." चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, आणि त्यासाठी त्याच्यात ओलावा टिकायला लागतो. अर्धी भिंत खरवडून परत केली. नंतर खिडकीला ओली गोणपाटं, दिवसातून चार वेळा फवारा, आणि माजघरात पंखा बंद. माजघरातूनच स्वयंपाकघराकडे हवा जाते, त्यामुळे तिकडेही बंद. एप्रिलमध्ये. आम्ही पाचही जण अंगणात झोपायला लागलो. मुलाला वाटलं ही उन्हाळ्याची खास सोय आहे, आणि आम्हीही त्याचा गैरसमज दूर केला नाही. सासूबाईंनी खाटेवर मच्छरदाणी लावून घेतली आणि बाकीच्यांना डास मोजायला लावलं.

दुसरा हात पाचव्या दिवशी, तिसरा पातळ हात आणखी आठ दिवसांनी, वर रंधा फिरवून. मग दोन आठवडे नुसतं फवारत राहायचं. आता भिंत गारेगार आहे. आरशासारखी सपाट नाही, खिडकीतून तिरपं ऊन आलं की हाताचे फेर दिसतात, आणि ते मला आवडतं. नवऱ्याला नाही. यावर आमचं एकमत होणार नाही.

तुळईचं काम मधेच उरकलं, ते दोन ओळींत सांगते. माजघरावरच्या माळ्याची एक सागाची तुळई, जिला पाळण्याच्या कड्या आहेत, ती भिंतीत रुतलेल्या टोकाला वाळवीने पोखरली होती. सुतारमामा अख्खी बदलू म्हणाले, सासूबाई नको म्हणाल्या, या घरातली सगळी मुलं त्या कड्यांना झुलली आहेत. म्हणून टेकू देऊन कुजका दोन फुटांचा भाग कापला आणि फणसाचा तुकडा सांधा करून बोल्टांनी आवळला. लाकूड घरचंच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात वाडीतला फणस आडवा झाला होता, त्याच्या फळ्या चिरून गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. सुकून खणखणीत झालेल्या.

निसर्ग म्हटलं की कौलं आलीच. त्या दिवशी पश्चिमेचं पाखं, म्हणजे छपराची त्या बाजूची उतरण, निम्मं उडालं. तेव्हा मिळतील ती कौलं आणून कशीबशी शाकारणी केली. आसपासच्या बऱ्याच घरांवर तेव्हा पत्रे आले, आणि त्यांना दोष नाही, पावसाला दिवस उरले नव्हते. आमच्या छपराचं दुखणं असं की पाच कारखान्यांची कौलं एकमेकांत मिसळली. दिसायला सारखी, पण खाचा जुळत नाहीत. पन्हळीत पन्हळ नीट बसत नाही आणि वाऱ्याबरोबर आलेलं पाणी बरोबर तिथून आत.

सुट्टी लागल्यावर पश्चिमेचं पाखं उतरवून मुलाला छाप वाचून ढीग लावायला बसवलं. तिसऱ्या दिवशी तो ओरडत आला: "आई, आपलं घर १८६५ सालचं आहे!" कौलावर 'बासेल मिशन टाइल वर्क्स' आणि खाली १८६५. जेवणाच्या आत ही बातमी वाडीभर. १८६५ हे बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना सुरू केल्याचं साल, ते छापात असतं. तुमचं कौल त्या साली भाजलं असं नाही. पहिल्या महायुद्धानंतर तो धंदा कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, त्यामुळे नुसतं मिशनचं नाव असलेलं कौल साधारण त्याआधीचं धरायला हरकत नाही. पण आमचं घर तर त्यानंतरचं! सासूबाईंना विचारलं. "तुमच्या आजेसासऱ्यांनी दापोलीत कुठलासा बंगला मोडला तिथली कौलं बैलगाडीने आणली होती," म्हणाल्या. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं म्हणे. मुलगा थोडा हिरमुसला, मग दोन तासांत नवी बातमी वाडीभर: आपली कौलं घरापेक्षा म्हातारी आहेत.

ती मिशनची धड कौलं जेमतेम साठ. ती पडवीच्या आतल्या बाजूला, जिथे वारा लागत नाही. पश्चिमेच्या पाख्यावर सगळ्यात मोठा एकसारखा ढीग चढवतोय. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं धरतात. आमचं पाखं तीन ब्रासचं. साडेचारशे हवीत, ढिगात निघाली चारशे सात. उरलेली मिसळीची पूर्वेकडे जातील. वळचणीच्या दोन ओळी या वेळी तारेने रिपांना (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांना) बांधतोय. आमच्या कौलांना मागे तार ओवायला भोक आहे, पण कोणी कधी वापरलेलं दिसत नाही.

तर सध्या अडलंय ते त्रेचाळीस कौलांवर. छाप मधोमध तारा आणि खाली दोन आडव्या रेघा, डाव्या कडेची खाच दुहेरी. तुमच्याकडे कुठे पडलेली असतील, निम्मी तुटकी का असेनात, तर सांगा, टेम्पो घेऊन येतो. मृगाला दोन-अडीच आठवडे आहेत. तोवर त्या जागेवर ताडपत्री आहे, तिच्याखाली लेकीचं टेबल, आणि निकाल अजून लागायचाय.